चिखल रिकामा नाहीये

पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे, म्हणून आधी स्वतःची चूक सांगून टाकतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वय अठ्ठावीस, काम कंटाळवाणं, पगार बरा. गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका सिनियरचा फोन आला. तो आणि त्याचे दोन मित्र स्टार्टअप काढत होते. विषय होता कोकणातल्या खाड्यांमध्ये तिसऱ्यांची शेती. शनिवार-रविवारी नकाशाचं काम करून देणारा माणूस त्याला हवा होता. ‘तू तिकडचाच ना?’ त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. पूर्णगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमचं गाव. आई अजूनही ओहोटीला तिसऱ्या काढायला जाते. हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही, आणि खरं म्हणजे ऑफिसातही मी ‘आई घरीच असते’ असंच सांगत आलोय.

ज्यांना तिसऱ्या फक्त ताटातल्या एकशिपीत भेटल्यात त्यांच्यासाठी: खाडीच्या रेताड चिखलात दोन-चार बोटं खोल रुतून बसणारा हा दोन शिंपांचा जीव. कुठे शिवल्या म्हणतात, कुठे मुळे. जात थोडी बदलते, नाव बदलतं. पाणी आत ओढायचं, त्यातलं बारीक खाद्य गाळून घ्यायचं, उरलेलं पाणी बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं आयुष्य. पिल्लं दोनेक आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग मानवेल अशा जागी तळाला बसतात. या बसलेल्या बारीक पिल्लांना शेतीच्या भाषेत बीज म्हणतात. बीज गोळा करा किंवा उबवणी केंद्रातून आणा, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर पेरा, खेकडे आणि पक्षी खाऊ नयेत म्हणून वरून जाळी घाला, दाटी झाली की विरळ करा, मोठं झालं की काढा. तिसऱ्यांची शेती म्हणजे साधारण एवढंच. खाद्य विकत आणावं लागत नाही, वीज लागत नाही, तळं खणावं लागत नाही. सिनियरच्या सादरीकरणात ही तीन शून्यं एका स्लाइडवर मोठ्या अक्षरात होती, आणि ती खोटी नाहीत.

माझं काम होतं ती शेती कुठे करता येईल ते नकाशावर दाखवणं. उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं घेतली, दोन आठवडे कोड लिहिला, खाडीचे तुकडे पाडले. रंगांना नावं द्यायची होती. हिरवा म्हणजे कांदळवन. निळा म्हणजे पाणी. करडा म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. त्या करड्या रंगाला मी नाव दिलं: ‘बिनवापर चिखल’. असं लिही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. रात्रीचे साडेबारा वाजले होते, एक रकाना भरायचा राहिला होता, तो मी भरला. पुढे तो शब्द नकाशातून स्लाइडवर गेला, स्लाइडवरून गुंतवणूकदारांच्या बैठकीत गेला आणि तिथून एका सरकारी कार्यालयातल्या टेबलावर. आता तो माझा राहिला नव्हता. ती ‘माहिती’ झाली होती.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा फुशारकीनं आईला मोबाइलवर तो नकाशा दाखवला. तिनं चष्मा लावला, बोटानं चित्र मोठं केलं आणि खाडीचं वळण ओळखून म्हणाली, ‘ही आमची थोरली वळ. आणि ह्या कातळाकडं खुबे.’ मग विचारलं, ‘हिला राखाडी का केलंस?’

मी म्हणालो, तो रंग म्हणजे तिथे कुणी काही करत नाही.

ती काहीच बोलली नाही. उठून विळीवर तिसऱ्या फोडायला बसली. सकाळी थोरल्या वळीतूनच आणल्या होत्या.

हे असं का झालं ते मी पुण्यात परत येऊन शोधून काढलं. ते थोडं तपशिलात सांगतो, कारण माझा सगळा राग या तपशिलात आहे. मी वापरलेली चित्रं युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची होती. त्यातल्या एका ठिपक्यात जमिनीचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा मावतो. वाकलेली बाई त्यात दिसत नाही. दहा बायका वाकल्या तरी दिसत नाहीत. हे एक वेळ समजण्यासारखं आहे. पण दुसरी गोष्ट पाहा. हा उपग्रह दर पाच दिवसांनी येतो आणि आपल्या किनाऱ्यावरून जातो तो दर वेळी सकाळी अकराच्या सुमारास. आता भरती-ओहोटीचा हिशेब करायचा तर आई करते तसा करा: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी भरतं अकरा-सव्वाअकराला आणि ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला नाहीतर संध्याकाळी. बायका चिखलात जातात त्या या उधाणाच्या दिवसांत, कारण तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. त्या पहाटे अंधारात जातात आणि दिवस वर यायच्या आत परततात. माझा उपग्रह पोचतो तेव्हा थोरल्या वळीवर पुरुषभर पाणी असतं.

मग चिखल त्याला दिसतो कधी? अष्टमीच्या आसपास. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. अकराच्या चित्रात चिखल थोडाफार उघडा, स्वच्छ, आणि रिकामा. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. ‘अष्टमीला कोण जातंय चिखलात? भांगाचं पाणी मागे हटतंय कुठं?’

म्हणजे बायका असतात तेव्हा उपग्रह नसतो आणि उपग्रह असतो तेव्हा बायका नसतात, आणि हा योगायोग नव्हे, दर पंधरवड्याचं वेळापत्रक आहे. त्यावरून आम्ही ‘बिनवापर’ ठरवलं. बंगळुरूतला किंवा पुण्यातला कुणीही मुलगा ठरवेल, कोडमध्ये एकही चूक न करता.

आता ‘रिकामा’ या शब्दाकडे वळतो. हा शब्द निरागस नाही. त्याचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात दरवेळी पहिल्यांदा ‘इथे काही नाही’ असं म्हटलं गेलंय आणि नंतर भराव आलाय. दक्षिण कोरियात सेमांगुम नावाची खाडी होती. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडायचा आणि त्यावर शेकडो बायका शिंपले काढून घर चालवायच्या. २००६ साली तिथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत पुरी झाली, भरतीचं पाणी अडलं, चिखल वाळला आणि शिंपले जागच्या जागी मेले. शेतीसाठी जमीन मिळवायची म्हणून हे केलं होतं. म्हणजे चिखलात जे पिकत होतं ते पीक धरलंच नव्हतं.

इतक्या लांब कशाला, उरणला चला. न्हावा-शेवा परिसरात बंदरासाठी भराव पडले, खाडीची तोंडं बदलली, कांदळवन गेलं, तिथले कोळी लवादात गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठानं १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. भागाकार करून पाहा, कुटुंबामागे बरोबर ५ लाख ८४ हजार येतात. या आकड्यावर मी बराच वेळ अडकून होतो. पुण्यात एवढ्या पैशांत एक बरी गाडी येते. पण मुद्दा रकमेचाही नाही. पाण्या-चिखलाला किंमत असते आणि ती मोजता येते, हे या देशात अधिकृतपणे मान्य झालेलं आहे. फक्त ती मोजली गेली भराव पडल्यानंतर. आधी विचारलं असतं तर उत्तर आलं असतं: बिनवापर.

माझ्या सिनियरला हे सगळं मी सांगितलं तेव्हा तो दुखावला. त्याचं म्हणणं, ‘आम्ही भराव टाकत नाहीये. आम्ही चिखल चिखलच ठेवतोय. उलट आम्ही पर्यावरणाचं काम करतोय. कार्बन क्रेडिट बघ.’ तर कार्बन क्रेडिट बघू. त्यांच्या स्लाइडवर लिहिलं होतं की शिंपल्यात कार्बन असतो, म्हणून जितके शिंपले पिकवू तितका कार्बन हवेतून कमी होईल. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्याच्या वजनाच्या साधारण १२ टक्के कार्बन असतो, इथपर्यंत ठीक. पण तो बनतो कसा, हे बारावीच्या रसायनशास्त्रात आहे. समुद्राच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटचे दोन वाटे लागतात. एकातला कार्बन शिंपल्यात जातो आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्यातला काही पाणी सामावून घेतं, पण हिशेबाची दिशा उलटी आहे ती आहेच. शिंपला बांधणं म्हणजे हवेतला वायू शोषणं नव्हे. शिवाय तो जीव श्वास घेतो तो वेगळाच. कोंबडी किंवा मटण याच्या तुलनेत तिसऱ्या हे पृथ्वीला फार स्वस्त पडणारं मांस आहे हे शंभर टक्के खरं, आणि तेवढं सांगणं पुरेसं होतं. पण तेवढ्यावर गुंतवणूक मिळत नाही, म्हणून पुढचं खोटं लिहायचं. आम्ही चौघेही इंजिनियर. चौघांनीही बारावीला रसायनशास्त्र घोकलेलं. एकानंही हात वर केला नाही, मीही नाही.

आणि पाऊस? त्यांच्या सगळ्या आकडेमोडीत वर्ष बारा महिन्यांचं होतं. कोकणातली खाडी जून ते सप्टेंबर समुद्राची राहत नाही, नदीची होते. वरून गोड्या पाण्याचे लोंढे येतात, खारटपणा पार उतरतो, तिसऱ्या शिंपा घट्ट मिटून बसतात आणि लोंढा लांबला तर मरतात. आईला हे कुणी शिकवलं नाही. कुठल्या वळीत पावसानंतरही जीव राहतो आणि कुठल्या वळीत दरवर्षी नव्यानं बीज बसतं, हे तिला आणि तिच्याबरोबरच्या सहा-सात जणींना जागेवार माहीत आहे. काळबादेवीच्या खाडीतल्या शिंपल्यांच्या वाढीवर आणि विणीवर शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकातच काम केलंय. काकिनाड्याच्या खाडीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ऐंशीच्या दशकात शिंपल्यांच्या शेतीचे यशस्वी प्रयोग केलेत. म्हणजे विद्या चाळीस वर्षं जुनी आहे आणि ज्ञान त्याहून जुनं. तरी ही शेती आपल्याकडे पसरली नाही ती ॲप नव्हतं म्हणून नव्हे. पेरलेलं कोण काढणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं म्हणून. चिखलाला सातबारा नाही.

इथे माझ्या गावाकडच्या मित्रांनाही चार शब्द सुनवायचे आहेत. कारण या विषयावर मी काही लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या निसर्ग सांभाळत आल्यात, त्यांना कुणी शिकवू नये. हे ऐकायला गोड आहे. पण आमच्या वळीतल्या तिसऱ्या लहान होत चालल्यात. आई लग्न होऊन आली तेव्हा बोटाच्या पेराहून लहान तिसरी चिखलात परत टाकायची असा सासूचा दंडक होता. आता तो कुणी पाळत नाही. तीही पाळत नाही, हे तिनंच सांगितलं. ‘मी टाकलेली मागून येणारी उचलतेय, मग मी का टाकू?’ या एका वाक्यात सगळं आलं. जागा कुणाचीच नसली की नियमही कुणाचाच नसतो. आई निसर्गाची शत्रू झाली नाही. परत टाकलेली तिसरी उद्या तिलाच मिळेल, याची हमी कुणी दिली नाही. त्यात बाजारात वाटा लावून विकायच्या, मोठ्या नसल्या तर बारीक घालून वाटा भरायचा. ‘आई पारंपरिक ज्ञानाची वाहक’ वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सातला तो वाटा घेऊन बसावं.

म्हणून मी शेतीच्या विरोधात नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण वरचं वाचून काहींना मी त्यांच्या बाजूचा वाटलो असेन. चिखलाला हातच लावू नका म्हणणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींच्या बाजूचाही मी नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत जिवंत चिखलपट्टे सगळ्यात वरच्या संरक्षणाच्या गटात, कांदळवनाच्या आणि प्रवाळाच्या पंगतीत आहेत. चांगलं आहे, असावेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी त्या चिखलावर जगतात आणि प्लास्टिकच्या जाळ्यांनी झाकलेला चिखल त्यांच्या उपयोगाचा नाही. पण ‘हात लावू नका’ म्हणताना तिथे आधीच हात आहेत, हे त्यांनाही दिसत नाही. त्यांचाही नकाशा अष्टमीलाच काढलेला असतो.

पेरावं, राखावं, विरळ करावं, वेळ ठरवून काढावं. हे सगळं करायलाच हवं, नाहीतर आणखी दहा वर्षांनी थोरली वळ खरोखरच बिनवापर होईल आणि मी लिहिलेला शब्द खरा ठरेल. प्रश्न एवढाच आहे की हे कुणाच्या नावावर करायचं.

दोन जागांची उदाहरणं देतो. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाची मोठी खाडी आहे. तिथल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी विणीच्या काळात काढणी बंद, जाळीच्या भोकाचा आकार ठरलेला, असे नियम तिथे होते आणि त्यातले बरेच शिंपले काढणाऱ्यांना सोबत घेऊन आलेले. तरीही पुढे तिथला साठा घसरला आणि अलीकडे उबवणी केंद्रात वाढवलेलं बीज खाडीत सोडायची वेळ आली. यावरून दोन्ही गोष्टी कळतात. नियम लागतातच, आणि नियम कितीही चांगले असले तरी वरून येणारं पाणी, गाळ, शहराची घाण यांच्यावर शिंपले काढणाऱ्याचा काही हक्क नसेल तर तो एकटा किती राखणार?

दुसरं उदाहरण व्हिएतनाममधल्या बेन त्रे प्रांताचं. मेकाँगच्या मुखाशी हा प्रांत २०२५ पर्यंत होता. तिथल्या शिंपल्यांना हेच प्रमाणपत्र २००९ साली, आग्नेय आशियात सगळ्यात आधी मिळालं. तिथली काढणी आजही हातानं होते. फरक हा की तिथल्या चिखलपट्ट्यांचा वापर आणि राखण स्थानिक कुटुंबांच्या सहकारी संस्थांकडे आहे. कधी काढायचं, किती काढायचं ते संस्था ठरवते. रात्री चोर येतात, त्यासाठी राखणदार संस्था ठेवते. मिळकत सभासदांत वाटली जाते. तिथेही सगळं सुरळीत नाही. उन्हाळ्यात शिंपले एकगठ्ठा मरतात, भांडणं होतात. पण परत टाकलेली तिसरी उद्या कुणाला मिळणार, याचं उत्तर तिथे आहे. सहकार ही काही आपल्याला नवी गोष्ट नव्हे. उसाला जमतं, दुधाला जमतं.

आता आपल्या सरकारी नोंदवह्या पाहा. त्याच खाडीतली वाळू घ्या. तिला ब्रासचं माप आहे, स्वामित्वधन आहे, लिलाव आहे, हातपाटीचा परवाना आहे. तिसरीचं बीज रेताड चिखलात बसतं, ती रेतीच उपसून नेली की बीज बसायला जागा राहत नाही, पण त्या हिशेबात तिसरीचा रकाना नाही. कांदळवन वनखात्याच्या वहीत आहे. होडी मत्स्यखात्याच्या वहीत आहे. होडीवर जाणारा पुरुष ‘क्रियाशील मच्छीमार’ आहे. चिखलात गुडघाभर रुतून तीस वर्षं काढलेल्या माझ्या आईच्या रेशनकार्डापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे एकच शब्द आहे: गृहिणी. आणि मी, तिचा इंजिनियर मुलगा, त्या शब्दाला ऑफिसात दुजोरा देत होतो.

हे सगळं आत्ताच का म्हणून विचाराल. कारण दार आत्ताच उघडलंय. किनारी मत्स्यशेतीचा २००५ चा कायदा मुख्यतः कोळंबीच्या तळ्यांपुरता होता. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि शिंपल्यांची शेती, समुद्री शेवाळाची शेती, पिंजऱ्यातली मासेशेती असं सगळं कायद्याच्या कक्षेत आलं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे, २०,०५० कोटींची, महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी. कागदावर सगळं माझ्या आईच्या बाजूचं आहे. पण अर्ज करायला जागा दाखवावी लागते आणि जागा दाखवायला नकाशा लागतो. नकाशा कुणाकडे आहे? माझ्या सिनियरकडे. मीच करून दिलेला. त्यानं वाईट हेतूनं काही केलं असं मी म्हणणार नाही. बायकांना ‘रोजगार’ देणार असं त्याच्या स्लाइडवर होतंच. म्हणजे आज ज्या वळीत आई स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या वेळेला जाते आणि काढलेली प्रत्येक तिसरी तिची असते, त्याच वळीत उद्या तिनं रोजंदारीवर जायचं. याला स्लाइडवर ‘सक्षमीकरण’ म्हटलं होतं. तो शब्द माझा नव्हता, एवढंच माझं पुण्य.

मला हवं असलेलं फार क्रांतिकारक नाही. याच महाराष्ट्रात ते जंगलाच्या बाबतीत झालंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तोवर गावानं बांबू तोडला तर चोरी आणि कारखान्यानं तोडला तर उद्योग होता. हक्क मिळाल्यावर गाव स्वतः बांबू विकायला लागलं आणि किती तोडायचा तेही स्वतः ठरवायला लागलं. तो कायदा आमच्या चिखलाला जसाच्या तसा लागणार नाही हे मला कळतं. पण त्यामागचा क्रम लागतो. आधी हक्क, मग योजना. कुठल्याही खाडीत बीजाचा पहिला दाणा पडायच्या आधी त्या चिखलावर कोण काढतं याची नोंद व्हावी, नावानिशी आणि जागेनिशी. त्यांच्या गटाला पहिला नकाराधिकार असावा. त्यांनी ठरवलं तर माझ्या सिनियरनं त्यांच्याकडून माल विकत घ्यावा, त्यांना बीज विकावं, शीतपेटी आणि टेम्पोचा धंदा करावा. त्यात भरपूर पैसा आहे. फक्त चिखल त्याचा असणार नाही.

हे मी त्याला मेलवर लिहिलं आणि पुढचं काम करणार नाही असंही कळवलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. तू भावनिक होतोयस, आणि नकाशाची फाइल कंपनीची आहे. दुसरं वाक्य खरं आहे. आम्ही तसं लिहून दिलं होतं.

मग मी दुसरा नकाशा सुरू केला. यात उपग्रहाचं चित्र फक्त पाठीमागे आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार पहाटे मी आईबरोबर चिखलात उतरलो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पाय गुडघ्यापर्यंत आत, आणि ज्या बाया मला लहानपणापासून ओळखतात त्या सगळ्या माझ्या चालण्याला हसत होत्या. जागेचं नाव विचारायचं, उभं राहायचं, ठिपका नोंदवायचा. थोरली वळ, धाकटी वळ, कातळाकडचे खुबे, बुडकीचा दांडा. मी ज्याला एक करडा रंग दिला होता त्यात पहिल्या दोन दिवसांत तेवीस नावं निघाली. कुणाच्या सासूनं कुठली वळ दाखवली, कुठे पाय कापतो, कुठे श्रावणानंतर जायचं नाही, हेही त्या बोलता बोलता सांगत गेल्या आणि मी टिपत गेलो.

तिसऱ्या दिवशी गट करायचं बोलणं निघालं आणि तिथे ते अडकलं. धाकट्या वळीत पलीकडच्या वाडीतल्या बायकाही येतात. त्यांची नावं घालायची की नाही? एक काकी म्हणाली, ‘त्या मागून आल्यात, त्यांचा काय हक्क?’ दुसरी म्हणाली, ‘मागून म्हणजे कधी? माझी आजी त्यांच्यातलीच.’ आवाज चढले. पाणीही चढायला लागलं होतं. मी मध्ये पडून म्हणालो, नकाशात दोन्ही वाड्यांसाठी वेगवेगळे रंग करता येतील.

‘तू रंग नको देऊ,’ आई म्हणाली. ‘आधी आमचं होऊ दे.’

त्यांचं अजून झालेलं नाही. येत्या पौर्णिमेला दोन्ही वाड्यांच्या बायका वळीतच भेटणार आहेत, पहाटे, ओहोटीला. मला बोलावलेलं नाही.